सात सर्द्या आणि एक न केलेला फोन

पत्राचा सारांश: नंदुरबार जिल्ह्यातून बडोद्याला शिकायला आलेल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचं हे पत्र आहे. ती विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि फतेहगंजमधल्या एका पीजीत, तळमजल्यावरच्या खोलीत, आणखी दोघींबरोबर राहते. जूनपासून तिला सात वेळा सर्दी झाली. बहुतेक वेळा सकाळी उठल्या उठल्या पंधरा-वीस शिंका, नाकातून पाणी, आणि दुपारपर्यंत बरं. दोनदा मात्र घसा धरला, ताप आला आणि खोकला आठवडाभर टिकला. प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तिने ‘तीन दिवसांचा कोर्स’ आणून घेतला. दांडिया बाजारात राहणाऱ्या मावशींनी दही, केळं आणि संध्याकाळी केस धुणं बंद करायला लावलं. च्यवनप्राश, काढा, व्हिटॅमिन सी, सगळं करून झालं. नवरात्रानंतर अंतर्गत परीक्षेच्या दिवशी १०२ ताप होता, तरी गोळी घेऊन तिने पेपर दिला. घरी यातलं काहीच माहीत नाही. मुलीला एवढं लांब ठेवायला वडील मुळातच तयार नव्हते. ते म्हणतील, परत ये. ती विचारते: “डॉक्टरकाकू, माझी प्रतिकारशक्ती एवढी कमी का? ती वाढवायला काय घेऊ?”

बेटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं आणि दुसऱ्यांदा, शेवटच्या चार ओळी डोक्यातून जाईनात म्हणून. त्या चार ओळींकडे मी येणार आहे. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्या एका प्रश्नात तू स्वतःवर मोठा आरोप करून बसली आहेस.

सर्दी करणारे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. त्यातल्या एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. एकाशी लढून शरीर तयार झालं तरी ती तयारी दुसऱ्या प्रकाराला फारशी चालत नाही. म्हणून धडधाकट मोठ्या माणसालाही वर्षातून दोन-तीनदा सर्दी होते. आता तू तुझं बघ. चार माणसांच्या घरातून निघालीस आणि शंभर जणांच्या वर्गात, शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून, तिघींच्या खोलीत आणि मेसच्या रांगेत येऊन पडलीस. सयाजीराव विद्यापीठात सौराष्ट्रापासून ईशान्य भारतापर्यंतची मुलं येतात आणि आपापल्या गावचे विषाणू घेऊन येतात. नव्या गावात पहिली दोन वर्षं जास्त आजारपण निघतं, हे मी प्रॅक्टिसमध्ये दर जुलैला पाहिलं आहे. त्यात तुझं शरीर कमी पडत नाही, त्याची नव्या विषाणूंशी ओळख होत असते. ताप येणं, नाक वाहणं, अंग मोडून येणं ही प्रतिकारशक्तीच कामाला लागल्याची लक्षणं आहेत. आणि दोन्ही वेळा तू बरी झालीस, हे विसरू नकोस.

हो, दोन्ही वेळा. सात नव्हे. तुझ्याच पत्रात लिहिलं आहे: दोनदा घसा, ताप आणि आठवडाभर खोकला. या दोन सर्द्या. सहा-सात महिन्यांत दोन म्हणजे अगदी चारचौघींसारखं. उरलेल्या पाच वेळा ताप नाही, घसा दुखला नाही, सकाळी शिंकांची सर आणि दुपारी मोकळं. याला मी सर्दी म्हणायला तयार नाही. हे ॲलर्जीसारखं दिसतं.

न तपासता मी शिक्का मारणार नाही, पण काही गोष्टी स्वतःला विचार. नाक आणि डोळे खाजतात का? सुटीत गावी गेल्यावर शिंका थांबतात का? खोलीतली भिंत ओली आहे का, कपाटामागे काळे ठिपके आहेत का? फतेहगंज विश्वामित्रीपासून लांब नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी तळमजले बुडाले होते, आणि अशा भिंतींची ओल नुसता रंग मारून जात नाही. ओल आली की बुरशी आलीच. गादी शेवटची उन्हात कधी घातली? रात्री डासांची कॉइल लावता का? खिडकीच्या छज्जावर कबुतरं बसतात का? एक साधी वही कर. रोज दोन ओळी लिहायच्या: किती शिंका, किती वाजता, ताप होता की नाही, आदल्या रात्री कुठे झोपलीस. दोन महिन्यांत चित्र तुझं तुलाच दिसेल, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलीस तर त्यांचं अर्धं काम झालेलं असेल. ॲलर्जी निघाली तर नाकात मारायचा औषधी स्प्रे आणि झोप न आणणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या नीट सांगितल्याप्रमाणे घेतल्या तर चांगला आराम पडतो. तोवर चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्याला गरम पाण्यात धुवायचा, गादी गच्चीवर उन्हात टाकायची आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी लावायची. ओलीबद्दल घरमालकांशी तिघींनी मिळून बोला, एकटीने नको. आणि रात्री खोकल्याची उबळ येत असेल किंवा छातीत शिटीसारखा आवाज होत असेल तर वही भरायची वाट न बघता जाऊन दाखव. तो दम्याचा प्रकार असू शकतो.

आता मावशींचं दही. मावशींना दुखवू नकोस. ज्या काळात त्या वाढल्या त्या काळात थंड खाणं, ओले केस आणि सर्दी यांची सांगड घरोघरी घातलेली होती. पण ही सांगड लोकांनी तपासून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, इंग्लंडमध्ये सॉल्झबरी गावाजवळ फक्त सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र सुरू झालं आणि चाळीसहून अधिक वर्षं चाललं. तिथे स्वयंसेवक दहा दिवस राहायला येत. त्यांत कॉलेजची मुलंही असत, फुकट राहणं-खाणं आणि निवांत अभ्यास म्हणून. तिथल्या सुरुवातीच्या एका प्रयोगात काही जणांना गरम पाण्याची आंघोळ घालून ओल्या अंगाने वाऱ्यात उभं केलं, वर ओले मोजे घालून बसवलं. नुसतं गारठून कुणाला सर्दी झाली नाही. त्यासाठी विषाणूच नाकात जावा लागतो. थंडीत नाकाच्या अंतर्त्वचेचा बचाव थोडा ढिला पडतो असं मानायला जागा आहे, पण सर्दी हिवाळ्यात वाढते याचं एक मोठं कारण म्हणजे आपण खिडक्या बंद करून एकमेकांच्या श्वासात बसतो. तेव्हा केस धू, दही खा. खिडकी मात्र उघडी ठेव. जाळी बसवून घेतली की डासही येत नाहीत. व्हिटॅमिन सीबद्दलही सांगून टाकते: रोज घेणाऱ्यांची सर्दी किंचित लवकर आवरते, टळत नाही, आणि सर्दी झाल्यावर घ्यायला सुरुवात केली तर फरक दिसत नाही. त्या पैशात आवळे आणि पेरू आण.

प्रतिकारशक्ती वाढवायला काय घेऊ, असं विचारतेस. एका गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि ती मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६४ निरोगी माणसांची आठवडाभर झोप मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले. रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. वाचताना मला आपलं नवरात्रच आठवलं. बडोद्यात नऊ रात्री गरबा, मध्यरात्रीनंतर सेव उसळ, सकाळी आठचं प्रॅक्टिकल. घसा ताणून गायचं, हजारो माणसांत घामाने भिजायचं, एकाच बाटलीला पाचजणींनी तोंड लावायचं. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात बाकडं पुरायचं नाही. गरबा सोड असं मी कधीच म्हणणार नाही. बडोद्यात राहून गरबा न खेळणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत रस न चाखणं. पण नऊ रात्रींतल्या चार निवड, बाटली आपली आपण ने, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी झोप काढ. तुझा १०२ ताप नवरात्रानंतरच आला, हे तूच लिहिलं आहेस. आता उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, तोंडावर आली आहे. पहाटे गच्चीवर, दिवसभर ऊन, रात्री पुन्हा गच्ची. त्यासाठीही हेच सांगेन.

हात धुण्याबद्दल तू शाळेपासून ऐकत आली आहेस, म्हणून एवढंच: साबणाने वीस सेकंद, आणि खास करून प्रवासातून आल्यावर, जेवायच्या आधी आणि नाक पुसल्यावर. वर्गात बसल्या बसल्या नाकाला, डोळ्यांना हात किती वेळा जातो ते एक दिवस मोजून बघ.

आता त्या ‘तीन दिवसांच्या कोर्स’बद्दल मला जरा कडक बोलावं लागेल. तू नाव लिहिलं नाहीस, पण रोज एक, असे तीन दिवस, म्हणजे बहुधा ॲझिथ्रोमायसिन. ते ॲण्टिबायोटिक आहे. ते जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही. तरी तुला गुण आल्यासारखं वाटलं, कारण सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जोरात असते आणि मग आपोआप उतरायला लागते; गोळीने फक्त श्रेय घेतलं. शेंबूड पिवळा-हिरवा झाला की आपल्याकडे ‘सर्दी पिकली’ म्हणतात आणि लोक ॲण्टिबायोटिक मागायला येतात. तो हिरवा रंग तुझ्याच पांढऱ्या पेशींमधून येतो. नुसत्या रंगावरून जिवाणू आहेत असं ठरत नाही. सात महिन्यांत सात कोर्स घेऊन तू पोटातल्या चांगल्या जिवाणूंना मारलंस आणि उरलेल्यांना त्या औषधाची सवय लावलीस. टायफॉइडसाठी आमच्या हातात ज्या मोजक्या गोळ्या आहेत त्यांतली ही एक. उद्या खरी गरज पडेल तेव्हा ती चालली पाहिजे. यापुढे गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली की समज, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सर्दी दहा दिवसांत उतरलीच नाही, उतरून पुन्हा ताप आला, किंवा सर्दी-खोकला नसताना घसा भयंकर दुखून ताप आणि गळ्याला गाठी आल्या, तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. तेव्हा ॲण्टिबायोटिक लागूही शकतं.

साध्या सर्दीला लागतं ते फार थोडं. कोमट पाणी, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, झोपताना चमचाभर मध. मधाने खोकला खरंच शांत होतो. हळद-दूध आवडत असेल तर घे, त्याने घशाला ऊब मिळते. वाफेने चोंदलेलं नाक थोडा वेळ मोकळं होतं. पण पीजीत बादलीत रॉड लावून त्यावर डोकं धरणाऱ्या मुली मी भाजून आलेल्या पाहिल्या आहेत, तसं करू नकोस. नाक मोकळं करणारे थेंब तीन-चार दिवसांच्या वर नकोत, नाहीतर नाक त्यांच्यावाचून उघडेनासं होतं. तापाला पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा मागचं बारीक अक्षर वाच, दोन्ही एकदम घेऊ नकोस.

फ्लू वेगळा. सर्दी पावलापावलाने येते: आज घसा, उद्या नाक, परवा खोकला. फ्लू दुपारी नव्हता आणि संध्याकाळी अंगावर कोसळला, असा येतो. कडाडून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंथरुणातून उठवत नाही. आपल्याकडे त्याचे दोन हंगाम असतात, जानेवारी ते मार्च आणि पावसाळा सरताना. २०१५ च्या सुरुवातीला गुजरातेत स्वाइन फ्लूची जी साथ आली ती आम्हा डॉक्टरांच्या मनातून गेलेली नाही. फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे, पण पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. म्हणून असा ताप आला की तीन दिवस वाट बघायची नाही, त्याच दिवशी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि जुलै ते नोव्हेंबरमध्ये ताप आहे पण नाक वाहत नाही, खोकला नाही, असं असेल तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी आधी. तोवर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नाही, डेंग्यूमध्ये त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. धाप लागली, छातीत दुखलं, गुंगी आली, पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करायचा किंवा रिक्षा करून सयाजी हॉस्पिटल गाठायचं.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलत राहतो. सर्दीवर ती चालत नाही. टोचल्यावर तयारी व्हायला दोन आठवडे लागतात. तुला दमा निघाला तर ती नक्की घे. नसेल तरी घ्यायला हरकत नाही.

त्या पेपरबद्दल. मला तुझी जिद्द कळते. पण १०२ तापात तू तीन तास बसलीस त्या हॉलमध्ये कुणाच्या तरी शेजारी बसली होतीस. फ्लू लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पाच-सात दिवसांपर्यंत दुसऱ्याला लागतो, आणि त्या शेजारणीच्या घरी कदाचित सत्तरीची आजी असेल. तू वाईट वागलीस असं मी म्हणत नाही. ‘आजारी पडणं म्हणजे हार’ असं तू मनाशी धरलं आहेस, आणि म्हणून दुसरा रस्ता तुला दिसलाच नाही. दुसरा रस्ता बहुतेक वेळा असतो: डॉक्टरांची चिठ्ठी, त्याच दिवशी विभागात मेल किंवा फोन, नंतर पुन्हा परीक्षा घेण्याबद्दलची विनंती. कधी मान्य होईल, कधी होणार नाही. पण आठवडा उलटल्यावर केलेल्या विनंतीपेक्षा त्याच दिवशी कळवलेलं ऐकलं जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. नियम काय आहे ते बरी असतानाच विचारून ठेव. तापाची गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल, तेव्हा वर्गात जायचं. खोकला उरला असेल तर मास्क लावून.

आणि तिघी मिळून एक ठरवा. कुणी आजारी पडली तर तिचं जेवण डब्यातून कोण आणेल, नोट्स कोण देईल, रात्री ताप कोण बघेल. एका डब्यात थर्मामीटर, पॅरासिटामॉलची पट्टी, ओआरएसची चार पाकिटं, मास्क आणि घरच्यांचे फोन नंबर ठेवा. माझ्या हॉस्टेलच्या दिवसांत, परीक्षेच्या आदल्या रात्री मी तापाने फणफणले तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलगी, जिच्याशी माझं जेमतेम बोलणं होतं, रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलत बसली. तिला कुणीतरी सांगितलं होतं म्हणून ती आली. मी सांगितलं नव्हतं.

तुझ्या शेवटच्या चार ओळी. तू सात महिने आजारपण लपवलंस, कारण ते कळलं तर बडोदं सुटेल अशी भीती आहे. मला वाटतं, तू त्यासाठीच प्रतिकारशक्तीचं औषध मागते आहेस: मी कधी आजारीच पडले नाही तर घरी सांगायची वेळच येणार नाही. असं औषध नाही, बेटा. पुढच्या वर्षीही तुला दोन-तीनदा सर्दी होणार, कुठेही राहिलीस तरी. बाबांना ते आज तुझ्या तोंडून कळणं आणि एखाद्या दिवशी घरमालकांच्या फोनवरून कळणं, यात फार फरक आहे. पहिल्या प्रकारात त्यांना दिसेल की मुलगी स्वतःला सांभाळते. बाप घाबरतो तो सर्दीला नाही, आपल्याला कळणार नाही या गोष्टीला.

फोन आजारी असताना करू नकोस, रडू येईल आणि ते पहिली बस पकडतील. बरी असताना कर. म्हण, “बाबा, जूनपासून मला दोनदा ताप येऊन गेला. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नव्हते, ते चुकलंच. सकाळच्या शिंकांची वही ठेवते आहे, ती घेऊन डॉक्टरांना दाखवणार आहे. मैत्रिणींचे नंबर तुम्हाला पाठवते. यापुढे ताप आला की त्याच दिवशी सांगेन, पण तुम्हीही लगेच परत ये म्हणायचं नाही.” ते गप्प बसतील, मग आईला फोन देतील. आईला हेच सगळं पुन्हा सांग.

मग रविवारी मावशींकडे जा. त्यांनाही सांग, कारण ताप आलाच तर दांडिया बाजारातून फतेहगंजला वरण-भाताचा डबा घेऊन सगळ्यात आधी त्याच येणार आहेत. आणि त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला दही असेल तर वाटीभर मागून घे.

तुझी,
डॉक्टरकाकू